वर्गमुळांची साखळी: परंपरित अपूर्णांक स्वतः काढायला शिका

झेरॉक्सच्या दुकानातला एक ए-४ कागद घ्या. लांबी २९७ मिलिमीटर, रुंदी २१० मिलिमीटर. दोन्ही मापांना ३ ने भागलं की ९९ आणि ७० उरतात. आता ९९ चा वर्ग करा: ९८०१. ७० च्या वर्गाची दुप्पट करा: ९८००. फरक फक्त १ चा. कागद मधोमध दुमडला तरी त्याची ठेवण बदलू नये, यासाठी लांबी-रुंदीचं गुणोत्तर √२ असावं लागतं. मापं पूर्ण मिलिमीटरमध्ये बसवताना तिथे ९९/७० येऊन बसला आहे. सर्वात मोठा ए-० कागद ८४१ × ११८९ मिलिमीटरचा. दोन्हींना २९ ने भागा, ४१/२९ मिळतो. ४१ चा वर्ग १६८१, २९ च्या वर्गाची दुप्पट १६८२. पुन्हा फरक १.

४१/२९ आणि ९९/७० हे √२ च्या साखळीतले लागोपाठचे दोन टप्पे आहेत. ही साखळी म्हणजे परंपरित अपूर्णांक, इंग्रजी पुस्तकांत कंटिन्यूड फ्रॅक्शन. ती कोणत्याही पूर्ण संख्येच्या वर्गमुळासाठी हाताने कशी काढायची, काढताना चूक कशी पकडायची आणि तिच्यात दिसणारे आकृतिबंध कुठून येतात, हे इथे क्रमाने सांगतो. नववीत शिकलेली करणी आणि छेदाचं परिमेयीकरण आठवत असेल तर पुरे. नसेल आठवत तर पहिल्या उदाहरणातच आठवेल. वही आणि पेन्सिल मात्र हवीच. हा विषय नुसता वाचून कळत नाही.

पहिलं उदाहरण सावकाश: √७

क्रिया एकच आहे: संख्येतला पूर्ण भाग काढून ठेवा, उरलेला तुकडा उलटा करा, पुन्हा पूर्ण भाग काढा.

√७ म्हणजे २.६४५… पूर्ण भाग २. उरला √७ − २.

तो उलटा केला: १/(√७ − २). अनुबद्ध करणीने, म्हणजे √७ + २ ने, अंश-छेद गुणले की (√७ + २)/३. किंमत साधारण १.५४. पूर्ण भाग १. उरला (√७ − १)/३.

उलटा: ३/(√७ − १) = ३(√७ + १)/६ = (√७ + १)/२. साधारण १.८२. पूर्ण भाग १. उरला (√७ − १)/२.

उलटा: (√७ + १)/३. साधारण १.२१. पूर्ण भाग १. उरला (√७ − २)/३.

उलटा: ३/(√७ − २) = √७ + २. साधारण ४.६४. पूर्ण भाग ४. उरला √७ − २.

इथे थांबा आणि वर पाहा. √७ − २ हाच तुकडा पहिल्याच पायरीला उरला होता. म्हणजे इथून पुढे तेच आकडे त्याच क्रमाने येत राहणार. मिळालेले पूर्ण भाग ओळीत लिहायची रीत अशी:

√७ = [२; १, १, १, ४, १, १, १, ४, …]

अर्धविरामाआधी पहिला पूर्ण भाग, त्यानंतर फिरून फिरून येणारा गट. या गटाला आपण आवर्तन म्हणू. √७ चं आवर्तन १, १, १, ४, लांबी ४. पुढे मी आवर्तन एकदाच लिहीन.

दशांशात √७ लिहिलं तर २.६४५७५१३… असे आकडे येतात आणि त्यांत कधीच पुनरावृत्ती होत नाही. तीच संख्या साखळीत मांडली की चार आकड्यांत मावते. मला या विषयाची ओढ लागली ती इथे.

करणी सोडा, तीन रकाने आखा

प्रत्येक पायरीला उलटवलेली संख्या (√न + म)/छ अशाच साच्यात आली, हे तुमच्या लक्षात आलं असेल. म्हणून √ चं चिन्ह दर वेळी ओढत नेण्याची गरज नाही. फक्त म आणि छ लक्षात ठेवायचे, आणि निघालेला पूर्ण भाग क. सगळं काम पूर्णांकांत होतं.

न ही दिलेली संख्या. प म्हणजे √न चा पूर्ण भाग. पहिली ओळ नेहमी म = ०, छ = १, क = प. पुढची ओळ अशी काढायची:

नवा म = छ × क − जुना म
नवा छ = (न − नव्या म चा वर्ग) ÷ जुना छ
नवा क = (प + नवा म) ÷ नवा छ, याचा फक्त पूर्ण भाग

तिसऱ्या नियमात √न च्या जागी प घेतला तरी चालतं, कारण छेद पूर्णांक असताना वरच्या दशांश भागाने भागाकाराचा पूर्ण भाग बदलत नाही. छ = १ पुन्हा आला की आवर्तन संपलं.

√१९ करून पाहू. प = ४.

ओळ ०: म ०, छ १, क ४
ओळ १: म ४, छ ३, क २
ओळ २: म २, छ ५, क १
ओळ ३: म ३, छ २, क ३
ओळ ४: म ३, छ ५, क १
ओळ ५: म २, छ ३, क २
ओळ ६: म ४, छ १, क ८

एक ओळ तोंडी पडताळतो. ओळ १ वरून ओळ २: नवा म = ३ × २ − ४ = २. नवा छ = (१९ − ४) ÷ ३ = ५. नवा क = (४ + २) ÷ ५, पूर्ण भाग १. बरोबर.

√१९ = [४; २, १, ३, १, २, ८].

हा तक्ता स्वतःच्या हाताने एकदा पूर्ण मांडल्याशिवाय पुढे जाऊ नका. पुढचं सगळं या तीन रकान्यांतच दडलेलं आहे.

चूक झाली तर कशी कळेल

छ काढताना भागाकार नेहमी निःशेष जातो. बाकी उरली तर तीच ओळ किंवा तिच्या आधीची चुकली. म कधीच प पेक्षा मोठा होत नाही. आवर्तनाचा शेवटचा आकडा नेहमी प ची दुप्पट येतो. शेवटचा सोडून बाकीचे आकडे प पेक्षा मोठे नसतात.

या शेवटच्या गोष्टीचं कारण पहिल्या नियमातच आहे. छ × क म्हणजे दोन शेजारच्या म ची बेरीज, आणि ती २प च्या पुढे जाऊ शकत नाही. छ किमान २ असेल तर क जास्तीत जास्त प. त्याच वाक्यातून हेही निघतं की छ सुद्धा २प च्या पुढे जात नाही. म्हणजे म साठी मोजक्या किमती, छ साठी मोजक्या किमती, म्हणून त्यांच्या जोड्याही मोजक्याच. ओळी मात्र कितीही वाढवता येतात. तेव्हा कुठलीतरी जोडी परत यावीच लागते, आणि जोडी परत आली की पुढचं सगळं परत येतं. प्रत्येक वर्गमुळाची साखळी आवर्ती का, याचं उत्तर एवढंच आहे. अठराव्या शतकात लाग्रांजने ही गोष्ट सगळ्याच द्विघाती करणींसाठी सिद्ध केली. घनमुळांना हे लागू नाही: २ च्या घनमुळाची साखळी १, ३, १, ५, १, १, ४, १, १, ८ अशी सुरू होते आणि ती कधीच आवर्ती होत नाही.

कॅल्क्युलेटरबद्दल एक सावधगिरी. √न चं दशांश रूप घेऊन उलटा-वजा करत राहिलात तर सुरुवातीचे काही आकडे बरोबर येतील, पण प्रत्येक उलटवण्याबरोबर शेवटच्या अंकाची चूक मोठी होत जाते. पडद्यावर दिसणारे दहाच अंक धरले तर √९४ चं पहिलं आवर्तनसुद्धा पूर्ण होत नाही. आकडे मध्येच बिघडतात, आणि बिघडले हे कळतही नाही. तीन रकान्यांच्या रीतीत असली चूक शिरूच शकत नाही. एक्सेलमध्ये मांडायचं असेल तरी हेच तीन रकाने मांडा.

पहिला आकृतिबंध: पूर्ण वर्गाला लागून असलेल्या संख्या

२ ते ३० पर्यंतची वर्गमुळं काढून एका पानावर लिहा (४, ९, १६, २५ हे पूर्ण वर्ग सोडून). एक दुपार जाईल, पण त्या पानाची किंमत मोठी आहे. त्यात ही कुटुंबं उठून दिसतात:

√२ = [१; २], √५ = [२; ४], √१० = [३; ६], √१७ = [४; ८]
√३ = [१; १, २], √६ = [२; २, ४], √११ = [३; ३, ६], √१८ = [४; ४, ८]
√६ = [२; २, ४], √१२ = [३; २, ६], √२० = [४; २, ८], √३० = [५; २, १०]
√८ = [२; १, ४], √१५ = [३; १, ६], √२४ = [४; १, ८]

पहिल्या ओळीत वर्गापेक्षा १ ने मोठ्या संख्या, दुसरीत २ ने मोठ्या, तिसरीत प² + प, चौथीत पुढच्या वर्गापेक्षा १ ने लहान. चार वेगळे नियम पाठ करायची गरज नाही, कारण चारही एकाच नियमाची रूपं आहेत. न = प² + ख घ्या, आणि ख ने २प ला निःशेष भाग जातो असं धरा. तक्ता मांडा:

ओळ ०: म ०, छ १, क प
ओळ १: म प, छ ख, क २प/ख
ओळ २: म प, छ १, क २प

संपलं. √न = [प; २प/ख, २प]. ख = १ असेल तर मधला आकडाही २प होतो आणि आवर्तन एकच आकड्याचं राहतं. ख = २, ख = प आणि ख = २प ठेवलं की बाकीची तिन्ही कुटुंबं मिळतात. आता √३९ न मांडता सांगा: ३६ + ३, बाराला तीनने भाग जातो, म्हणून [६; ४, १२].

अजून एक कुटुंब थोडं लपलेलं आहे: वर्गापेक्षा २ ने लहान संख्या. √१४ = [३; १, २, १, ६], √२३ = [४; १, ३, १, ८], √३४ = [५; १, ४, १, १०]. याचा सामान्य तक्ता मी तुमच्यावर सोपवतो. वरच्यासारखाच सुटतो, फक्त दोन ओळी जास्त.

दुसरा आकृतिबंध: चिमा काय कामाची

√१९ चं आवर्तन २, १, ३, १, २, ८. शेवटचे ८ झाका. २, १, ३, १, २ उलटं वाचलं तरी तेच. √१३ चं १, १, १, १, ६. √३१ चं १, १, ३, ५, ३, १, १, १०. √४६ चं तर १, ३, १, १, २, ६, २, १, १, ३, १, १२. शाळेत «चिमा काय कामाची» हे उलटसुलट सारखं वाचता येणारं वाक्य सगळ्यांनीच म्हटलेलं असतं. प्रत्येक वर्गमुळाच्या पोटात असं एक वाक्य असतं.

कारण तक्त्यातच शोधा. √१९ चा तक्ता खालून वर वाचा. छ चा रकाना: १, ३, ५, २, ५, ३, १. वरून वाचा, खालून वाचा, तोच. असं का व्हावं? आपले पहिले दोन नियम जरा फिरवून लिहू:

जुना म + नवा म = जुना छ × जुना क
न − (नवा म)² = जुना छ × नवा छ

दुसऱ्या नियमात जुना छ आणि नवा छ यांची अदलाबदल केली तरी काही बदलत नाही. पहिल्यातही दोन म ची अदलाबदल केली तरी बेरीज तीच. म्हणजे या नियमांना वर आणि खाली असा भेदच माहीत नाही. तक्ता छ = १ पासून निघतो आणि छ = १ वर पोचतो, दोन्ही टोकं सारखी, दोन्ही दिशांचे नियम सारखे. मग वरून चालणारा आणि खालून चालणारा दोघेही तीच पावलं टाकणार. काटेकोर सिद्धतेत आणखी एक मुद्दा लागतो: खालून चालतानाही क हा पूर्ण भागच निघतो हे दाखवावं लागतं. ही सममिती एव्हारिस्त गाल्वाने १८२९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या त्याच्या पहिल्या शोधनिबंधातून येते. तेव्हा तो सतरा वर्षांचा होता.

मध्यावर काय असतं

मला सगळ्यात जास्त आवडणारा भाग हा. उलटसुलट सारख्या ओळीला एक मध्य असतो, आणि त्या मध्यावर न बद्दलची एक गोष्ट लिहिलेली असते.

आधी विषम लांबीचं आवर्तन घेऊ. √१३, प = ३:

ओळ ०: म ०, छ १, क ३
ओळ १: म ३, छ ४, क १
ओळ २: म १, छ ३, क १
ओळ ३: म २, छ ३, क १
ओळ ४: म १, छ ४, क १
ओळ ५: म ३, छ १, क ६

मध्यावर छ दोनदा लागोपाठ सारखा आला: ३, ३. दुसरा नियम तिथे लावा: १३ − २² = ३ × ३. म्हणजे १३ = २² + ३². तक्त्याने १३ ला दोन वर्गांच्या बेरजेत आपणहून फोडून दिलं. √४१ करून पाहा, आवर्तन २, २, १२, आणि मध्यावर ४१ = ४² + ५² मिळेल. आवर्तनाची लांबी विषम असली की हे नेहमीच घडतं. ४ ने भागून १ उरणाऱ्या प्रत्येक मूळ संख्येची (५, १३, १७, २९, ३७, ४१…) लांबी विषमच असते. उलट दिशेने मात्र भरवसा ठेवू नका. ३४ = ३² + ५² आहे, तरी √३४ ची लांबी ४.

आता ४ ने भागून ३ उरणाऱ्या मूळ संख्या. त्यांची लांबी नेहमी सम, म्हणून मध्यावर एकच आकडा. तो पाहा:

√७ मध्ये १, √११ मध्ये ३, √१९ मध्ये ३, √२३ मध्ये ३, √३१ मध्ये ५, √४३ मध्ये ५, √४७ मध्ये ५, √५९ मध्ये ७, √६७ मध्ये ७, √७१ मध्ये ७, √८३ मध्ये ९.

सगळे विषम. आणि प्रत्येक वेळी प किंवा प − १ यांपैकी जो विषम असेल तोच. √६७ चं आवर्तन ५, २, १, १, ७, १, १, २, ५, १६ आहे. प = ८, म्हणून मध्यावर ७. या मूळ संख्यांसाठी मधल्या ओळीत छ = २ येतो. एवढं सिद्ध करायला थोडी जास्त तयारी लागते, ते तूर्त मान्य करू. मग बाकीचं तीन वाक्यांत: सममितीमुळे मधल्या ओळीचा म आणि पुढच्या ओळीचा म सारखे, म्हणून २म = २क, म्हणजे म = क. न विषम आहे आणि न − म² ला २ ने भाग जातो, म्हणून म विषम. आणि क हा (प + क) ÷ २ चा पूर्ण भाग असल्याने प − क एकतर ० किंवा १.

टप्पे जोडा: १ चा फरक कुठून येतो

साखळी मध्येच तोडली की एक साधा अपूर्णांक मिळतो. तो काढायची रीत: आताचा क × आधीचा अंश + त्याच्या आधीचा अंश. छेदासाठीही तसंच. √१९ चे क होते ४, २, १, ३, १, २. टप्पे:

४/१, ९/२, १३/३, ४८/११, ६१/१४, १७०/३९

१३ कसे आले? १ × ९ + ४. ४८? ३ × १३ + ९. आता प्रत्येक टप्प्यावर अंशाच्या वर्गातून छेदाच्या वर्गाची १९ पट वजा करा. उत्तरं येतात: −३, ५, −२, ५, −३, १. तक्त्यातला छ चा रकाना पुन्हा पाहा: ३, ५, २, ५, ३, १. तेच आकडे, चिन्ह आलटून पालटून. चूक पकडायचा याहून चांगला उपाय मला माहीत नाही. आणि याच कारणाने आवर्तनाच्या शेवटी, छ = १ येतो तिथे, फरक १ चा राहतो: १७०² − १९ × ३९² = १.

अशा समीकरणाला आपल्याकडे वर्गप्रकृती म्हणत. इ. स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्तांनी ९२ साठी हा प्रश्न घातला आणि जो वर्षभरात सोडवील तो गणक, असं म्हटलं. तुमच्या तीन रकान्यांत √९२ = [९; १, १, २, ४, २, १, १, १८] निघतं, आणि आठव्या टप्प्यावर ११५१/१२०.

भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात बीजगणितात ६१ घेतला. ६० आणि ६२ च्या मध्ये वसलेली ही संख्या निवडण्यात मोठी जाण आहे. √६० = [७; १, २, १, १४], √६२ = [७; १, ६, १, १४], दोन्ही चार आकड्यांत आटोपतात. √६१ मात्र [७; १, ४, ३, १, २, २, १, ३, ४, १, १४], लांबी ११. अकराव्या टप्प्यावर २९७१८/३८०५ येतो, आणि लांबी विषम असल्यामुळे फरक १ ऐवजी −१ राहतो. तो १ करायचा सोपा उपाय असा: अंशाच्या वर्गाची दुप्पट करून १ मिळवा, तो नवा अंश. जुन्या अंश-छेदांच्या गुणाकाराची दुप्पट करा, तो नवा छेद. मिळतात १७६६३१९०४९ आणि २२६१५३९८०. हेच उत्तर भास्कराचार्यांनी दिलं आहे. १६५७ मध्ये फ्रान्समधल्या फर्माने आव्हान म्हणून पुढे केलेल्या संख्यांमध्येही ६१ होती.

भास्कराचार्यांची चक्रवाल रीत आणि आपली तीन रकान्यांची रीत एकच नाही. चक्रवालात म निवडताना न − म² ची किंमत चिन्ह न पाहता कमीत कमी ठेवतात, त्यामुळे काही पायऱ्या वाचतात. पण दोघींची घडण एका घराण्यातली आहे. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळच्या पाटणला एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ उभारला, असं त्यात कोरलं आहे. हा लेख भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. पाटणादेवीला जाणार असाल तर वहीत √६१ चा तक्ता मांडून न्या.

(एक्सेलमध्ये १७६६३१९०४९ चा वर्ग करून पडताळू नका. तो एकोणीस अंकी आहे आणि एक्सेल पंधराच अंक नेमके धरतं. २९७१८² = ८८३१५९५२४ आणि ६१ × ३८०५² = ८८३१५९५२५ एवढं हातानेच पडताळा.)

एका रस्त्यावरची घरं

१९१४ साली केंब्रिजमध्ये प्रशांतचंद्र महालनोबिसांनी एका मासिकातलं कोडं रामानुजनना वाचून दाखवलं. रस्त्याच्या एका बाजूला १ पासून क्रमांक असलेली घरं. एका घराच्या डावीकडच्या सगळ्या क्रमांकांची बेरीज उजवीकडच्या बेरजेइतकी. एकूण घरं ५० ते ५०० च्या दरम्यान. रामानुजन स्वयंपाक करत होते, आणि त्यांनी उत्तर म्हणून एक परंपरित अपूर्णांकच सांगितला.

तुम्हालाही आता तो सांगता येईल. घरं ग आणि आपलं घर घ धरलं तर अट येते (२ग + १)² − ८घ² = १. म्हणजे √८ ची साखळी, [२; १, ४]. दर दुसऱ्या टप्प्यावर फरक १: ३/१, १७/६, ९९/३५, ५७७/२०४. ९९ वरून ग = ४९, पन्नासच्या जेमतेम आत, म्हणून अटीत बसत नाही. ५७७ वरून ग = २८८ आणि घर २०४ वं. पुढचा टप्पा ३३६३/११८९, तिथे घरं १६८१ होतात आणि अट पुन्हा मोडते.

२०४ ची दुप्पट केली की ५७७/४०८, आणि तो √२ चा आठवा टप्पा. शुल्बसूत्रांत वेदीसाठी कर्ण काढताना सांगितलेली किंमत, १ + १/३ + १/१२ − १/४०८, बेरीज करून पाहा: ५७७/४०८.

स्वतः करायची गणितं

आवर्तनाची लांबी आधीच सांगणारं सूत्र कोणाकडे नाही, म्हणून पुढच्या उदाहरणांत काय येईल हे मांडूनच कळेल. सुरुवात √२९ पासून करा: पाच आकडे, आणि मध्यावर दोन वर्ग. मग √४३ करा, दहा आकडे. मग √९७ घ्या, लांबी ११, मध्यावर ९७ = ४² + ९² मिळालं पाहिजे. सगळ्यात शेवटी √९४. शंभराच्या आतलं हे सर्वात लांब आवर्तन, सोळा आकडे, आणि मध्यावर ८. सोळाव्या टप्प्यावर अंश २१४३२९५ आणि छेद २२१०६४ आला तर तुमचा तक्ता बरोबर आहे.